बुधाने सांगितलं नाही

डोंगराच्या वरच्या अंगाला एक वाडी होती. तिथून गाडीरस्ता गाठायला दोन तास उतरावं लागे आणि दवाखाना त्याच्याही पुढे होता. या वाडीत बुधा नावाचा एक म्हातारा राहत होता. उन्हाळा लागला की वाडीतली दहा-बारा माणसं हिरडा गोळा करायला रानात जात आणि बुधा त्यांचा म्होरक्या असे.

रानात कुणाला काही झालं तर काय करायचं, हे त्याला नीट ठाऊक होतं. साप डसला तर तो जखम कापू देत नसे, करकचून बांधू देत नसे आणि त्या माणसाला पाऊलभरही चालू देत नसे. घोंगडीची झोळी करून थेट दवाखाना गाठायचा. अशी चार माणसं त्याच्यामुळे वाचली होती. काहीही झालं तरी लगेच सांगा, असं तो सगळ्यांना बजावत असे.

एके सकाळी पाचोळ्यात त्याच्याच घोट्याला घोणस डसली. आजूबाजूला कुणी नव्हतं. हाक मारली तर सगळ्यांचा दिवस मोडेल, असं त्याला वाटलं. हंगामाचे थोडेच दिवस उरले होते. शिवाय इतरांना उचलून नेणाऱ्याने स्वतः झोळीत पडायचं, याची त्याला लाज वाटली. तो लंगडतोय हे पाहून बायकोने, ठकूने विचारलं, तेव्हा काटा रुतला म्हणाला आणि काम करत राहिला.

दुपारी तो झाडाखाली बसला तो उठेना. पाय गुडघ्यापर्यंत सुजला होता, तोंडातून रक्त येत होतं.

"कधी डसलं?" ठकूने विचारलं.

"सकाळी."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"सगळ्यांचा दिवस मोडला असता," तो म्हणाला.

भरलेली पोती तिथेच टाकून माणसं झोळी घेऊन उतरली. रस्त्यावर जीप मिळाली. डॉक्टरांनी विषावरचं इंजेक्शन दिलं, पुष्कळ झटले. पण विष अंगभर भिनलं होतं. सकाळीच आणायला हवं होतं, एवढंच ते म्हणाले. दिवस मावळायच्या आत बुधा गेला.

त्याला वर आणताना वाडीतल्या प्रत्येकाने खांदा दिला. ठकू मागून चालत होती. वाटेत ती एकदाच बोलली.

"असाच सकाळी उचलला असता, तर एक दिवसच गेला असता."

तात्पर्य: इतरांना सांभाळणाऱ्यानेही आपल्यावर वेळ आली की लगेच मदत मागावी. रानात दुखणं लपवणारा माणूस सोबत्यांकडून आपल्याला वाचवण्याची वेळच हिरावून घेतो.