निळवंतीच्या तीन शेंगा

सह्याद्रीच्या माथ्यावर, जिथे ढग उंबऱ्यापर्यंत येतात अशा एका पठारावर, एकदा एक वृद्ध वैद्य राहत होते. त्यांच्याजवळ दोन भाऊ वनस्पतींची ओळख शिकत. थोरल्याचे नाव म्हसू. तो झाडासमोर बसला की तासभर हलत नसे. धाकट्याचे हात मात्र त्याच्या डोळ्यांच्या आधी धावत.

डोंगरावरची रानटी निळवंती दर वर्षी कमी होत चालली होती. गुडघाभर झाड, निळे फूल आणि फुलाच्या पाठीमागे वर वळलेले शेपूट. उतारावर आता ती शोधावी लागे. म्हसूने तिचे बी आणून झोपडीमागच्या वाफ्यात पेरले. पहिल्या वर्षी नुसती पाने आली. "पुढच्या वर्षी फुलेल, बी धरेल, मग आपण दोघं ते परत उतारावर नेऊ," असे तो धाकट्याला म्हणाला होता.

पुढच्या चैत्रात म्हसू तापाने गेला.

तेरावे झाल्यावर धाकटा वाफ्याकडे गेला. माती भेगाळली होती. एक पान शिल्लक नव्हते. दादा गेला आणि त्याची झाडेही गेली, असे त्याला वाटले. त्याने कोणालाही विचारले नाही. तसाच पायथ्याच्या पेठेत उतरला, बियाण्याच्या व्यापाऱ्याकडून निळवंतीचे म्हणून बी आणले आणि वाफ्यात उधळून मोकळा झाला. पावसाळ्यात ते रुजले. पण त्या बाजूला पाऊल पडले की त्याला रडू फुटे, म्हणून तो तिकडे फिरकलाच नाही.

आश्विनात वाफा काठोकाठ निळा झाला. वैद्यांनी गुडघे टेकून बराच वेळ पाहिले आणि ते म्हणाले, "यात दोन जाती आहेत. एक म्हसूची, आणि एक तिची बागेतली चुलत बहीण."

"दादाची? ती तर उन्हाळ्यातच मेली होती."

"ती उन्हाळ्यात मरत नाही, पोरा. पान झडतं आणि कंद जमिनीखाली झोपून राहतो."

धाकट्याने वाफ्यावरून नजर फिरवली. तो म्हणाला, "बाबा, मी सगळं मिसळून टाकलं."

"हो. आणि बागेतलं बी चुकून जरी उतारावर गेलं, तरी म्हसूने जे जपायला घेतलं होतं त्याचाच घोटाळा होईल. वेगळं करावं लागेल."

धाकटा झाडाझाडापाशी बसला. रंग सारखा. पाकळ्या सारख्या. शेपूटही प्रत्येक फुलाला. पानांवरून ओळखावे, तर बुंध्याजवळची रुंद पाने फुलोरा येईपर्यंत करपून गेली होती. ती हिरवी होती, तेव्हा तो इकडे आला नव्हता.

चौथ्या दिवशी तोच व्यापारी वैद्यांकडून मुळ्या न्यायला वर आला. वाफा पाहून आणि झालेला घोटाळा ऐकून हसला.

"काय रे, अजून भावाची झाडं सापडली नाहीत होय? अरे, निळं ते निळं! तुझा भाऊ काय वरून येऊन तपासणार आहे?"

धाकट्याने तडक खुरपे उचलले. "ही उंच, भरगच्च आहेत ना, ती दादाची! त्याचा हात लागलेली झाडं अशी किडकिडीत असायची नाहीत." आणि त्याने एका बारक्या झाडाच्या बुडाशी घाव घातला.

दुसरा घाव पडण्याआधी वैद्यांनी खुरपे त्याच्या हातातून काढून घेतले आणि कड्यापर्यंत चालत जाऊन खाली दरीत भिरकावून दिले.

"वैद्यबुवा, चांगलं लोखंड होतं हो!" व्यापारी ओरडला.

वैद्य परत आले. त्यांनी घाव बसलेल्या झाडाच्या बुडाशी माती ओढली.

"उद्यापासून रोज सकाळी इथे यायचं," ते म्हणाले. "बसायचं आणि बघायचं. हात लावायचा नाही."

"कुठवर?"

"फुलं गळेपर्यंत."

पहिले काही दिवस तो दात आवळून बसे. मग एका सकाळी तो म्हसूशी बोलू लागला. मोठ्याने भांडलाही, असा मध्येच का गेलास म्हणून. भांडून झाल्यावर त्याच्या ध्यानात आले, की आपण वाफ्यासमोर आहोत आणि ऊन डोक्यावर आले आहे. पाकळ्या एकेक करून मातीत पडत होत्या.

कार्तिकात निळे काही उरले नाही. उंच झाडांवर, जिथे फूल होते तिथे, एकेकच शेंग उभी होती. बारक्या झाडांवर प्रत्येक फुलाच्या जागी तीन शेंगा, बुडाशी जुळलेल्या. ज्या झाडावर घाव बसला होता ते एका अंगाला कलले होते. त्यावरही तीन.

"बाबा!" तो ओरडला. "बाबा, ही दादाची! मी हीच उपटणार होतो."

वैद्य त्याच्याशेजारी बसले. "रंग दोघींना सारखाच मिळाला आहे, शेपूटही. फूल असताना ओळख अवघड होती. फूल गळू दिलंस, तेव्हा झाडानेच सांगितलं. तू दोनदा घाई केलीस. एकदा वाफा रिकामा पाहून, एकदा भरलेला पाहून. दोन्ही वेळा तुझं दुःख खरं होतं, पोरा. पण त्याच्या भरात आपण डोळ्याला पहिलं दिसेल ते धरून बसतो. तुझ्या भावाने काय मागे ठेवलं आहे, ते दिसायला थोडा वेळ लागणार होता."

बागेतल्या जातीच्या शेंगा त्यांनी फुटण्याआधीच काढून घेतल्या. म्हसूच्या अकरा झाडांचे बी धाकट्याने त्याच्याच जुन्या उपरण्यात बांधले आणि उतारावर नेले. या वेळी त्याने मूठ उधळली नाही. एकेक चिमूट पेरत संध्याकाळ झाली.

पुढच्या चैत्रात म्हसूचे वर्षश्राद्ध झाले. वाफा पुन्हा कोरडा पडला होता, एक पान नव्हते. मुळ्या न्यायला आलेला व्यापारी तिथे थबकला.

"अरेरे, सगळंच गेलं की रे! बी देऊ का दुसरं?"

"नको," धाकटा म्हणाला. "आहेत खाली."