आधी डबी, मग गोळी

महाराज, डबी तुमची रिकामी आहे, आणि मोजता मात्र आमची. तर आता गोष्ट ऐका.

एक जंगल होतं. तिथे राजा मतांनी निवडला जायचा; मतं सगळे द्यायचे आणि निवडून गवा यायचा. त्या जंगलात भिवरा नावाची सायाळ राहायची. तिच्या रक्तात एक विषाणू होता. तो मरत नव्हता, पण रोज एक गोळी दिली की झोपून राहायचा. एखादी चुकली की कूस बदलायचा, आठवडाभर चुकली की उठून बसायचा. त्यात भिवराला दिवस गेलेले. गोळ्या नीट घेतल्या तर पिल्लाला काही होणार नाही, असं अस्वल डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. भिवराने तेवढं एकच वाक्य घट्ट धरून ठेवलं होतं.

दर एक तारखेला सरकारी दवाखान्यात डबी घेऊन जायचं. कंपाउंडर बगळा उरलेल्या गोळ्या चोचीने मोजायचा. दोन जास्त निघाल्या की संपलंच.

"दोन चुकल्या, बाई. कारण सांगा. लग्नाला गेले होते, पाहुणे आले होते, हे चालायचं नाही."

भिवराची कधी एकही चुकली नव्हती. पण त्या एक तारखेला बगळ्याचंच कपाट रिकामं. युवराजाचं लग्न होतं, आणि औषधाची गाडी बारा जंगलांतले पाहुणे आणायला गेली होती. हे बगळ्याने मान खाली घालून सांगितलं. भिवराकडे चार गोळ्या होत्या. रांगेतल्या दगडू वानराने आपल्यातल्या तीन काढून दिल्या आणि परत करू नकोस म्हणाला, तुला दोघांचं बघायचंय.

सात दिवस निघाले. मग फर्मान आलं: अर्धी गोळी खा, अर्धी जंगलासाठी राखा. त्यानंतर दुसरं: ज्यांच्याकडे गोळीच नाही त्यांनी ठरल्या वेळी नुसतं पाणी प्यावं, सवय मोडू नये. भिवरा पाणी प्यायची आणि पोटावर पंजा ठेवून विचारायची, "उठला का रे तो?"

विसाव्या दिवशी गाडी आली. गाडीत नव्या कोऱ्या डब्या होत्या, प्रत्येकीवर गव्याचा हसरा चेहरा. आत काही नव्हतं. "आधी डबी, मग गोळी," असं ओरडत सरकारी पोपट जंगलभर फिरले.

त्याच दिवशी मोठा मंडप उभा राहिला. गरोदर आहे, फोटोत बरी दिसेल, म्हणून लाभार्थी भिवराला केलं.

"माझ्या राज्यात," गवा गरजला, "आता एकही रोगी डबीवाचून नाही!"

मग माईक भिवराकडे आला. "आभारी आहे" एवढंच म्हणायचं ठरलं होतं. तिने डबी उघडली, राजासमोर उलटी केली, आणि थेट बगळ्याच्या सुरात बोलली.

"तेरा चुकल्या, महाराज. कारण सांगा. लग्न होतं, पाहुणे आले होते, हे चालायचं नाही."

मंडपात बगळा तेवढा खोकला. गव्याने घड्याळ पाहिलं. पोपटांनी जोरात पंख वाजवले, कारण प्रश्न आणि भाषण यांतला फरक त्यांना शिकवलेलाच नव्हता.

भिवरा खाली उतरली नाही.

"पिल्लाला काय सांगू तेवढं बोला," ती म्हणाली. "टाळ्या मग होऊ द्या."