स्वयंभू बाग

त्या राज्यात माती फार थोडी होती. सगळा कातळ होता, आणि जिथे कुठे माती होती तिथे मोरांची घरं होती. बाकीच्यांनी कातळावर जन्मायचं, कातळावर अंडी घालायची आणि भूक लागली की मोरांच्या कुंपणाबाहेर सांडलेलं वेचायचं, अशी रीत होती.

वेचणाऱ्यांमध्येही घूस सगळ्यांत शेवटी उभी राही. घूस म्हणजे उकरणार, पोखरणार, नासणार, असं तिच्याबद्दल लहान पिल्लांनाही शिकवलं जाई. खरं तर तिने आजवर कुणाचंच काही पोखरलं नव्हतं. कातळात पोखरणार तरी काय?

एका वर्षी तिने आपल्या कपारीसमोर बाग करायचं ठरवलं. गाळ मिळायचा खालच्या ओढ्यात. उतरायला अर्धा दिवस, चढायला अर्धा दिवस, आणि एका खेपेला पळसाचं एक पान भरेल एवढीच माती. पान दातांत धरून ती चढे. पहिल्या वीस खेपांची माती वाऱ्याने उडवून नेली. मग तिने माती आणणं थांबवलं आणि आधी दगडांचा बांध घातला. कुठला दगड कुठे बसेल हे नुसतं बघून कळत नाही, तो पंजात फिरवावा लागतो, हे तिला तेव्हा समजलं. दगड आपल्या जागी बसला की एक बारीकसा आवाज येई. त्या आवाजासाठी ती दिवसभर खपे.

शेजारी उघड्यावर टिटवी अंड्यांवर बसलेली असे. बसल्या बसल्या तिची बडबड चालूच असायची.

“काय गं घूसबाई, मोरांचा वाडा बांधतेस होय?”

“नाही गं. चार मिरच्या लावीन म्हणते.”

“लाव, लाव. मिरच्या झाल्या की मोरांनाच जेवायला बोलाव.”

तिसऱ्या वर्षी वाफ्यातली माती कोपरभर खोल झाली. तिने पालापाचोळा कुजवून त्यात मिसळला, कातळाच्या चिरेतून झिरपणारं पाणी दगडांच्या पन्हळीने वाफ्यापर्यंत आणलं, आणि मिरचीसोबत अळू आणि घेवडाही लावला. घेवड्याचा कोंब डोक्यावर मातीचं ढेकूळ घेऊन वर आला तेव्हा ती काहीच न करता त्याच्याकडे बघत बसली. दुपारी ऊन चढलं की ती पंजा कोपरापर्यंत वाफ्यात घालून बसे. वर कातळ तापलेला असे आणि आत गार असे. तो गारवा तिने स्वतः, पानापानाने, वर आणला होता. शेंगा आल्या तेव्हा पहिली ओंजळ तिने टिटवीला दिली, आणि टिटवीने ती अंड्यांवर बसल्या बसल्याच संपवली.

हिरवं दुरून दिसतं. थोरला मोर आला, आणि त्याच्यामागे सरडा. मोर जे बोलेल त्याला मान हलवणं, एवढंच सरड्याचं काम होतं.

“ही बाग कुणाची?” मोराने विचारलं.

घूस म्हणाली, “मी केली, राव.”

घूस बाग करते असं कधी ऐकलंय का, असं मोराने सरड्याला विचारलं. सरड्याने नाही म्हणून मान हलवली. घुशीने पंजे पुढे केले. नखं मुळापर्यंत झिजलेली होती. मोराने ती लांबूनच पाहिली.

“म्हणजे बाग नासायला रोज येत होतीस,” तो म्हणाला.

मग टिटवीला विचारलं. टिटवीने तीन वर्षं सगळं पाहिलं होतं. तिने घुशीकडे पाहिलं, मग पोटाखालच्या अंड्यांकडे आणि मोराच्या पायांकडे पाहिलं. “मी आपली अंड्यांवर बसलेली असते, राव,” ती म्हणाली. “मला काय ठाऊक?”

मोर बराच वेळ विचारात पडला. त्याच्यापाशी दोनच गोष्टी होत्या: बाग समोर दिसत होती, आणि ती घुशीने केलेली असणं शक्य नव्हतं. शेवटी त्याने मान उंच केली.

“ही कुणीच केलेली नाही. ही स्वयंभू आहे.”

सरड्याने मान हलवली. हलवता हलवता तो हिरवा झाला.

दुसऱ्याच दिवशी बागेभोवती कुंपण उभं राहिलं. घंटा आली. मोर सहकुटुंब दर्शनाला येऊ लागले. स्वयंभू बागेला हात लावणं पाप ठरलं, तण काढणं महापाप ठरलं, आणि पाणी घालणं म्हणजे तर तिच्यावर अविश्वास दाखवणं झालं. म्हणून पन्हळ काढून टाकली. घूस कुंपणाबाहेरून सांगत राहिली, की अळूला पाणी लागतं, घेवड्याला आधार लागतो, मिरचीची माती भुसभुशीत करावी लागते. ती ओरडून विटाळ करते म्हणून तिला दगड मारले. दगड तिने ओळखले. ते तिच्याच बांधाचे होते.

आधी अळू झोपला. मग घेवडा पिवळा पडला. मिरची उभ्या उभ्या वाळली. त्या वाळलेल्या काटक्यांसमोर थोरल्या मोराने डोळे मिटले आणि सांगितलं, की बागेने समाधी घेतली आहे. गर्दी दुप्पट झाली. समाधीची माती प्रसाद म्हणून वाटायला सुरुवात झाली.

घूस रांगेत उभी राहिली. कुंपणाच्या आत जायला दुसरी वाट नव्हती, आणि माती अजून जिवंत आहे का, एवढंच तिला बघायचं होतं. तिला दिवसभर सगळ्यांच्या मागे ढकललं. तिची पाळी आली तेव्हा वाफ्यात खरवडलेला कातळ दिसू लागला होता.

“हात पुढे कर,” मोर म्हणाला. “जवळ येऊ नकोस. तिथूनच.”

तिने पंजा पसरला. मोराने चिमूटभर माती चोचीत घेतली आणि स्पर्श होऊ नये म्हणून हातभर वरून तिच्या पंजावर टाकली.

“कपाळाला लाव आणि पुढे हो.”

ती पुढे झाली नाही. तिने पंजा नाकाशी नेला. कोरड्या मातीला कसलाच वास नव्हता. मग भर रांगेत, सगळ्यांच्या देखत, ती त्या प्रसादावर थुंकली, आणि माती ओली, काळी होईपर्यंत अंगठ्याने मळत राहिली.