लंगडी टिकटिक

नदीकाठच्या एका गावात एक हिकमती माणूस आईवडिलांसोबत राहत होता. पाण्याचा पंप असो की शिलाई मशीन, त्याने हात लावला की सुरू! गावाने तोंडभरून कौतुक केलं आणि ते कौतुक जरा जास्तच डोक्यात गेलं.

त्याच्या घरात माणसाएवढं उंच, लंबकाचं घड्याळ होतं. म्हाताऱ्या वडिलांची नजर पार गेली होती. सकाळ कधी झाली, औषध कधी घ्यायचं, मुलगा घरी कधी येईल, सगळं ते टोल्यांवरून ओळखत. त्यासाठी कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, याचंच त्यांना मोठं समाधान होतं.

एकदा भिंतीला रंग द्यायचा म्हणून मुलाने घड्याळ हलवलं. परत जागेवर ठेवलं, तर ते दोन-चार मिनिटं चालायचं आणि थांबायचं.

आतल्या खाटेवरून वडील म्हणाले, "बाळा, ते कललंय. टिकटिक लंगडी पडतेय. तिथली फरशी उतरती आहे. डाव्या पायाखाली लाकडाची पाचर असायची, ती ठेव."

मुलगा हसला. "अण्णा, तुम्हाला समोरचा माणूस दिसत नाही, आणि कललेलं घड्याळ दिसलं होय? बिघाड यंत्रातच आहे. तुम्ही स्वस्थ पडा."

बिचारे स्वस्थ पडले.

मुलाने यंत्र खोललं, चाकं रॉकेलमध्ये धुतली, तेल घातलं, पुन्हा जोडलं. घड्याळ काही चालेना. मग तो ईर्ष्येलाच पेटला. दोन महिने ती चाकं चादरीवर पसरलेली होती.

इकडे वडिलांना दिवस कुठला आणि रात्र कुठली, काही कळेनासं झालं. "किती वाजले रे?" ते विचारत. थोड्या वेळाने पुन्हा विचारत. एके दिवशी मुलगा खेकसला, "सारखं काय तेच तेच! कुठली गाडी गाठायचीय तुम्हाला?"

त्यानंतर त्यांनी वेळ विचारली नाही. हळूहळू जेवणही मागेनासे झाले. समोर आलं तर दोन घास खात. थंडी सरायच्या आत ते गेले.

तेरावं झाल्यावर मुलाने यंत्र पुन्हा जोडलं. घड्याळ चाललं आणि थांबलं. करून बघण्यासारखं आता काहीच उरलं नव्हतं, म्हणून त्याने लाकडाचा एक तुकडा डाव्या पायाखाली सरकवला आणि लंबकाला हलका झोका दिला. टिकटिक एकसारखी सुरू झाली. तासाभराने टोले पडले.

"आई, झालं गं चालू!" तो आनंदाने ओरडला.

आई खाटेवरच्या चादरीची घडी घालत होती. "चालू दे," ती म्हणाली. "पण वेळ विचारणारं माणूस आता घरात नाही, बाळा."

मुलगा घड्याळापाशीच मटकन खाली बसला आणि हमसून हमसून रडू लागला.

तात्पर्य एवढंच: घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं म्हणणं बरोबर की चूक, ते मागाहून ठरवा, आधी त्याच्या हयातीत ते ऐकून घ्या.