ओढणीतला भोपळा

एका शहराच्या कडेला एक वस्ती होती. वस्तीमागच्या कचऱ्याच्या जागेवर एक बाई दर रविवारी यायच्या आणि घरोघरच्या बायकांना भाजी लावायला हौसेने शिकवायच्या. बायकांनी कचरा उपसला, वाफे केले, लाल भोपळ्याच्या बिया टोचल्या. उंदीर-कोंबड्यांच्या तावडीतून एकच वेल वाचला, तो एका तरुण आईच्या वाफ्यातला.

या आईची मुलगी किडकिडीत. तिला भाज्या खाऊ घाला, असं अंगणवाडीच्या ताईंनी बजावलेलं, आणि बाजारची भाजी रोज कुठली परवडायला? म्हणून आईचा सगळा जीव त्या वेलात. पुढच्या बियाही वस्तीला त्याच वेलाच्या मिळायच्या होत्या.

एका फुलामागे गोटीएवढा भोपळा दिसला आणि आईला काळजी लागली. कोवळ्या फळाला बोट दाखवलं की ते कुजतं, असं ती लहानपणापासून ऐकत आली होती. वस्तीत बोटं काय कमी? तिने वेलावर जुनी ओढणी बांधली.

शेजारीण म्हणाली, "अगं, भोपळा आहे का नवरी?"

ती हसली आणि आणखी एक गाठ मारली.

तरी भोपळा पिवळा पडून गळला. मागून आलेला दुसराही गळला. कुणीतरी चोरून बोट दाखवलंच, अशी तिची खात्री झाली.

रविवारी बाई वस्तीतल्या पोरांना घेऊन आल्या. तिने सगळं सांगितलं. बाई हसल्या नाहीत.

"भोपळ्याचं नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं," त्या म्हणाल्या. "मधमाशी एकातली भुकटी दुसऱ्याला लावते तेव्हा फळ धरतं. ओढणीतून ती शिरणार कशी? आज एक मादी फूल उमललंय, दुपारी मिटेल. पोरांच्या हातून भुकटी लावू, सगळ्यांचं शिकणंही होईल. पण वेल तुमचा. तुम्ही म्हणाल तसं."

वेलावर तेवढं एकच मादी फूल होतं, आणि समोर ही एवढी पोरं. आईने पदराला हात पुसले, पुन्हा पुसले. मग गाठी सोडल्या.

"बोट दाखवू नका रे," ती म्हणाली. "बोट लावा. हळू."

पोरांनी श्वास रोखून पिवळी भुकटी फुलात टेकवली. तिच्या मुलीनेही.

तो भोपळा धरला आणि घागरीएवढा झाला. घराघरात फोड गेली, बिया गेल्या. किडकिडीत मुलीने भाजीला नाक मुरडलं. त्याच भोपळ्याचे गोड घारगे मात्र मागून मागून खाल्ले. आता शेजारच्या वस्तीत भुकटी लावायला शिकवते ती हीच आई.

तात्पर्य: कुणी बोट दाखवेल म्हणून झाकलं ते गळलं, चार हात लागू दिले ते धरलं.