हळदीआईच्या तिसऱ्या वाटीची कहाणी

ऐक गं हळदीआई, तुझी कहाणी. बायांनो, हात जोडा, मन इकडं द्या.

आटपाट डोंगर होता. डोंगराच्या खांद्यावर गवळ्यांची वाडी होती. खाली खाडी होती, खाडीपलीकडं माडांच्या बागा होत्या. वाडीत बयजा नावाची गवळण राहायची. धनी तरुणपणीच गेला. पदरी एक मुलगा, त्याचं नाव धाकू. बाई हिमतीची. तिनं गुरं राखली, पोर वाढवलं, घर उभं केलं. तिचा आवाज असा, की संध्याकाळी वाडीच्या टोकावर उभं राहून हाळी घातली, की दरीतली गाय मान वर करायची, रानातली गाय चरणं सोडायची, ओढ्यापलीकडची गाय पाण्यात उतरायची. सगळी गुरं आपल्या पायांनी घरी यायची.

धाकूचं लग्न झालं. सून आली खाडीपलीकडची. तिचं नाव गोजरी. तिच्या माहेरी गाय नव्हती, म्हैस नव्हती. आमटीत नारळ, भातात नारळ, सणाच्या गोडातही नारळच.

बयजाच्या घरची रीत होती. नव्या सुनेनं उंबरठा ओलांडला, की वाटीभर धारोष्ण दूध प्यायचं. गोजरी प्यायली. पोटात मुरडा आला, सगळं उलटलं. बाया म्हणाल्या, होडीचा प्रवास बाधला असेल. दुसऱ्या दिवशी दिलं, तसंच झालं. बाया म्हणाल्या, दृष्ट लागली असेल. तिसऱ्या दिवशी दिलं, तसंच झालं. मग बायांनी एकमेकींकडं बघितलं, पदर तोंडाला लावला.

बयजा वाईट नव्हती हो. दुधावर तिनं संसार ओढला होता, दुधावर मूल जगवलं होतं. दूध कुणाला बाधतं, हे तिच्या मनाला पटेचना. तिला वाटलं, ही माझ्या गाईंना नाकं मुरडते.

मग थंडी आली. गोजरीला खोकला झाला, अंग मोडून आलं. बयजानं दुधात हळद घातली, उकळी आणली, वाटी तिच्या हातात दिली. म्हणाली, "पी, बरी होशील." गोजरी म्हणाली, "आत्याबाई, मला दूध सोसत नाही हो." बयजा म्हणाली, "आजारी माणसाला कळत नसतं. पी." गोजरी प्यायली. सकाळी प्यायली, संध्याकाळी प्यायली, रात्रभर पोट धरून बसली. अन्न ठरेना, अंगात ताकद राहीना, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर जायला लागल्या. मग एक दिवस तिनं काय केलं? वाटी घेतली, परसात गेली, फणसाच्या बुंध्याशी दूध ओतलं. बुंध्याला मुंग्या लागल्या. बयजानं मुंग्या पाहिल्या, मुंग्यांखालची पिवळी माती पाहिली.

बयजा भडकली. "माझ्या गाईचं दान मातीत ओतलंस? जिथं दूध लागत नाही तिथं जाऊन राहा!"

धाकू गुरांमागं रानात होता. गोजरीनं लुगड्याचा पदर खोचला आणि डोंगर उतरायला लागली.

खाली झरा होता. झऱ्यापुढं खाडीचा धक्का होता, पण होडी पलीकडं गेलेली.  गोजरी दगडावर बसली. तिथं एक म्हातारी आली. कपाळभर पिवळा मळवट, बोटं पिवळी, कमरेवर घागर. म्हातारीला पाण्याचा भार उचलवेना. गोजरी स्वतः थरथरत होती, तरी उठली. घागर भरली, म्हातारीच्या झोपडीत नेऊन ठेवली. झोपडीमागं केळी होत्या, केळींच्या सावलीत हळदीचा वाफा होता.

म्हातारीनं विचारलं, "कुणाची गं तू?" गोजरी म्हणाली, "माहेरची म्हणावं तर लग्न झालंय. सासरची म्हणावं तर बाहेर काढलंय."

म्हातारीनं विचारलं, "दुखतं कुठं?" गोजरी म्हणाली, "आजी, छातीत खोकला आहे, पोटात अन्न ठरत नाही, हाडं ठणकतात."

म्हातारीनं विचारलं, "आणि राग कुठं ठेवलायस?" गोजरीला रडू आलं. तिनं गळ्याला हात लावला.

म्हातारी म्हणाली, "तुला वसा देते. घेशील?"

"आजी, माझ्यापाशी फुलं नाहीत, कापूर नाही, नैवेद्याला काही नाही."

"त्यातलं काही लागत नाही. पौषात पहिली ओली हळद निघते, त्या दिवशी वसा धरावा, होळी पेटेपर्यंत करावा. सकाळी उठावं, हात धुवावे. बोटाच्या पेराएवढी हळद, तेवढंच आलं पाट्यावर वाटावं. चार मिरे भरडावे. मिऱ्यावाचून हळद अंगाला लागत नाही. दालचिनीचा तुकडा घ्यावा, वेलदोडा घ्यावा. नारळ खवावा, कोमट पाण्यात कुस्करावा, फडक्यातून पिळावा. पहिला जाड रस निघेल, तो बाजूला ठेवावा. चोथ्यात पुन्हा पाणी घालावं, पातळ रस काढावा. पातळ रसात वाटण आणि मसाला घालावा, मंद आचेवर शिजवावा, हळदीचा कच्चा वास गेला पाहिजे. मग जाड रस घालावा आणि लगेच खाली उतरवावं. उकळलास तर फुटेल. शेवटी गुळाचा खडा."

"आणि दूध, आजी?"

"दूध ज्याला सोसतं त्याला. तुला नारळाचा रस सोसतो. त्यात स्निग्धपणा आहे, हळदीला तेवढा पुरतो. घसा मऊ होईल, कफ सुटेल, सांधे सैल पडतील, पोटाला भार होणार नाही. पण ताप उतरला नाही, धाप लागली, तर वैद्याकडं जावं. हळद हळदीचं काम करील, वैद्य वैद्याचं."

मग म्हातारी म्हणाली, "रसाच्या तीन वाट्या कराव्यात. पहिली वाटी दुखणाऱ्या माणसाला द्यावी. दुसरी आपण प्यावी. बायका हीच वाटी विसरतात. तिसरी वाटी, जिच्याशी बोलणं तुटलं तिच्या दारात न्यावी. तिनं घेतली तर घडीभर टेकावं. नाही घेतली तर गुमान परत यावं. भांडू नये, ऐकवू नये, उपकार मोजू नयेत."

गोजरी म्हणाली, "आणि तिसरी नेलीच नाही तर?"

"तर खोकला जाईल, गळ्यातला आवंढा राहील."

गोजरी म्हातारीपाशी राहिली. धक्क्यावरच्या बागेत नारळ सोलायचं काम धरलं. हळद निघाली, वसा सुरू झाला. पहिली वाटी ती म्हाताऱ्या तांडेलाला द्यायची. तो होडी वल्हवायचा, त्याचे खांदे आखडलेले. दुसरी वाटी स्वतः प्यायची. तिसरी वाटी झाकून ठेवायची. डोंगराकडं बघायची, म्हणायची, आज नको. दुपार व्हायची, रस गार व्हायचा, वरती साय धरायची. म्हातारी बघायची.

गोजरीचा खोकला गेला. अन्न ठरायला लागलं. हाडांचा ठणका कमी झाला. गाल भरले, बांगड्या मनगटावर बसल्या. पण कुणी सासरचं नाव काढलं, की गळा दाटायचाच.

एके दिवशी धाकू डोंगर उतरून आला. पाय ओरबाडलेले, तोंड सुकलेलं.

गोजरी म्हणाली, "आज वाट सापडली तुम्हाला?"

धाकू खाली बघत म्हणाला, "आईनं सांगितलं, माहेरी गेली. मला खरं वाटलं नाही. पण आईला विचारायला मी भ्यालो."

"आणि आज भ्याला नाहीत?"

"आज विचारण्यासारखं काही राहिलं नाही. आईचा आवाज गेलाय, गोजरे. खोकून खोकून गेला. वैद्यानं काढा दिला, घशाला विश्रांती द्या म्हणाला. ती कुठली ऐकते? रोज संध्याकाळी टोकावर जाते, तोंड उघडते, नुसता वारा निघतो. निम्मी गुरं रानात राहिलीत. बिबट्यानं एक कालवड नेली. वासरं दावणीला हंबरतात. मी हाका मारतो, पण मला कोण ओळखतंय?"

गोजरीनं हातातला नारळ सोलून खाली ठेवला. मग म्हणाली, "तुम्ही पुढं व्हा. मी उद्या येते. तुमच्यासाठी नाही येत, एवढं लक्षात ठेवा."

सकाळ झाली. गोजरीनं हळद वाटली, रस काढला, मंद आचेवर शिजवला. तिसरी वाटी झाकणाच्या तांब्यात भरली, तांब्या फडक्यात गुंडाळला आणि डोंगर चढली.

बयजा ओटीवर पडून होती. अंगावर घोंगडी, डोळे खोल गेलेले. सुनेला पाहिलं, तांब्यातला पिवळा रस पाहिला. घोगऱ्या आवाजात, अर्ध्या खुणांनी म्हणाली, "हे काय दूध आहे?" गोजरी म्हणाली, "दूध नाही, नारळाचा रस आहे." बयजानं तोंड फिरवलं. गोजरी भांडली नाही, ऐकवलं नाही. गुमान परत आली. झऱ्याशी आल्यावर मात्र हुंदके देऊन रडली.

दुसऱ्या दिवशी गेली. बयजा म्हणाली, "काय काय घातलंयस?" गोजरीनं सगळं सांगितलं. बयजानं एक घोट घेतला, तोंडात घोळवला, वाटी खाली ठेवली. "गोड आहे," म्हणाली, आणि झोपून गेली. त्या रात्री ती न खोकता पहाटेपर्यंत झोपली.

तिसऱ्या दिवशी गेली. बयजा उठून बसली होती. तिनं वाटी घेतली, पूर्ण प्यायली, तळाचा गूळ बोटानं चाटला. मग वाटी हातातच धरून म्हणाली, "गोजरे, खरं सांग. माझ्या दुधानं तुला रोज तसं व्हायचं?"

"रोज व्हायचं, आत्याबाई."

"मग पीत का राहिलीस?"

"तुम्ही मायेनं देत होता. पहाटे उठून देत होता. पुन्हा नाही म्हणायला जीभ उचलेना."

बयजाचे डोळे भरून आले. "आणि मी समजले, तुला माझ्या घरचं काही नको. माझ्या मायेनंच तुझं रक्त आटवलं की गं." तिनं सुनेला जवळ ओढलं. घोंगडीत दोघी रडल्या. गोजरीच्या गळ्यातला आवंढा तिथं उतरला.

गोजरी म्हणाली, "आता माझं ऐकायचं. वैद्य म्हणाला तसं घसा राखायचा. हाळी घालायची नाही."

"आणि गुरं?"

"गुरं आम्ही बघतो."

मग धाकू आणि गोजरी रानात हिंडली. मिळाली तेवढी गुरं हातानं हाकून आणली. बयजा रोज काढा घेई, वाटीभर रस घेई, मुकाट्यानं बसून राही. बोलक्या बाईला मुकं राहणं किती जड, ते आपल्याला सांगायला नको. हळूहळू कफ सुटला, घसा मोकळा झाला. एके संध्याकाळी ती म्हणाली, "आज बघू दे." सुनेचा हात धरून टोकावर गेली. पहिली हाक फाटली. दुसरी हाक दरीत उतरली. तिसरी हाक पलीकडच्या डोंगराला लागून परत आली.

दरीतली गाय आली. रानातली गाय आली. सगळ्यांत शेवटी ओढ्यापलीकडची कबरी गाय आली, आणि तिच्या मागं धडपडत एक नवं वासरू आलं. रानातच व्यालेली. बयजानं वासराला पोटभर पिऊ दिलं, भांडं पुढं केलंच नाही.

गोजरी हे सगळं सांगायला झऱ्यावर गेली. पाहते तो झोपडी नाही, चूल नाही, म्हातारी नाही. केळींच्या सावलीत हळदीचा वाफा तेवढा डोलत होता. गोजरीनं मातीला कपाळ लावलं. कोण भेटलं होतं ते तिला कळलं.

पुढच्या पौषात बयजा म्हणाली, "मलाही वसा दे." गोजरी म्हणाली, "आत्याबाई, तुम्हाला तर दूध सोसतं." बयजा म्हणाली, "रसासाठी नाही. तिसऱ्या वाटीसाठी."

बयजाची एक बहीण होती, ठकू. पलीकडच्या वाडीत दिलेली. आईच्या आजारपणात कुणी किती केलं, यावरून दोघींचं बिनसलं होतं. आई गेली, बोलणं गेलं, येणंजाणं गेलं. केस पिकले तरी दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं.

बयजानं कुणाला हात लावू दिला नाही. स्वतः हळद वाटली, स्वतः नारळ पिळला. चुलीपाशी बसून राहिली, उकळू दिलं नाही. तांब्या फडक्यात गुंडाळला, काठी घेतली आणि एकटी निघाली. ठकूच्या दारात उभी राहिली. आतून ठकू आली. कमरेत वाकलेली, डोळ्यांवर हात धरून बघणारी.

"कोण गं?"

"मी. बयजा."

  आईचं नाव कुणी काढलं नाही. बयजानं वाटी भरून पुढं केली. ठकूनं ती दोन्ही हातांत घेतली, उभ्या उभ्या प्यायली. मग पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली,

"मिरी जास्त पडली तुझी."

बयजा म्हणाली, "मग तू करून दाखव."

ठकूनं दार पुरतं उघडलं. म्हणाली, "आत ये. नारळ आहे घरात."

जशी हळदीआई गोजरीला पावली, बयजाला पावली, ठकूला पावली, तशी तुम्हां-आम्हां सगळ्यांना पावो. घशाला आवाज देवो, पोटाला अन्न देवो, मिटलेल्या दाराला वाट देवो. पुष्कळ बोलांची ही कहाणी थोडक्या बोलांत सुफळ झाली, संपूर्ण झाली.