म्हादबाचं घर आणि वरचा खर्च

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्या राज्यात ती घडली त्याचं नावही आता कोणाला आठवत नाही.

त्या राज्यातल्या एका गावात म्हादबा नावाचा कोष्टी राहत असे. हात मोठा सफाईदार, पण डोकं तापट. तो आणि त्याची बायको तुळसा भाड्याच्या खोलीत राहत. खोलीत माग मांडला, की माणसांना अंग चोरूनच वावरावं लागे. स्वतःचं घर व्हावं म्हणून दोघांनी लग्नापासून पै पै जोडली होती.

एकदा नदीकडचा एक म्हातारा तेली गाव सोडून लेकाकडे राहायला निघाला. त्याने घर विकायला काढलं. म्हादबाने ते पाहिलं आणि त्याचा जीव तिथेच अडकला. घासाघीस करून त्याने किंमत बरीच खाली आणली आणि नाचतच घरी आला.

“तुळसा, घर आपलं झालं! शिवाय चार पैसे उरतायत. सगळ्या आळीला जेवण घालू.”

तुळसा म्हणाली, “जेवणाचं मागाहून बघू. अहो, किंमत कळली. पण किल्ली हातात येईपर्यंत वर आणखी काय काय लागतं, ते चावडीवर विचारलंत का?”

“त्यात काय विचारायचं? ठरली तेवढी किंमत द्यायची, की झालं!”

“आणि छपराचे वासे? एखाद्या सुताराला दाखवलेत?”

“तुझं आपलं प्रत्येक गोष्टीत खुसपट!” म्हादबा खेकसला.

आळीने पोटभर लापशी खाल्ली. जेवून निघालेल्या खोलीच्या मालकालाही म्हादबाने सांगून टाकलं, “या अमावास्येला खोली सोडतो.” मालकाने लगेच दुसरं बिऱ्हाड ठरवलं.

दुसऱ्या दिवशी म्हादबाने तेल्याच्या हातावर सगळी किंमत ठेवली आणि ताठ मानेने चावडीवर गेला. कारकून म्हणाला, “राजाची मोहोर लागल्याशिवाय घर नावावर होत नाही. मोहोरेचे पैसे ठेवा.”

“मी तर पूर्ण किंमत दिली!”

“ती तेल्याला दिलीत. ही राजाची.”

म्हादबा चडफडत परतला. तुळसाने हातातल्या पाटल्या काढून दिल्या. मोहोर लागली. तोच घराची जागा मोजून मोजणीदार दोरी गुंडाळत आला, “माझी मजुरी?” त्याला पितळी हंडा विकून पैसे दिले. मग ज्याने घर दाखवलं होतं तो दलाल दारात उभा राहिला. त्याच्यापायी गाभण शेळी गेली.

“आणखी कोणी राहिलंय का रे?” म्हादबा रस्त्यात उभा राहून ओरडला. “असाल तर एकदमच या!”

कोणी आलं नाही. किल्ली मिळाली. म्हादबाने हौसेने दार उघडलं, काठीने वासा ठोकला, आणि भुसा त्याच्या डोक्यावर सांडला. वाळवीने छप्पर आतून पोखरलं होतं. सुताराने वर पाहिलं आणि हात जोडले, “दादा, वासे बदलल्याशिवाय याखाली झोपू नका.”

जुनी खोली गेली होती, नव्यात राहता येत नव्हतं, आणि अमावास्या उद्यावर आली होती. म्हादबा ओट्यावर मटकन बसला आणि बायकोवरच घसरला. “मला आधी कोणी सांगायला नको होतं का?”

तुळसाने कपाळावर हात मारून घेतला. “सांगितलं होतं! तुम्ही लापशीत तूप किती घालायचं ते ठरवत होता.”

म्हादबाला कोणी फसवलं नव्हतं. मोहोर पूर्वीपासून लागत होती, मोजणीदार पूर्वीपासून मजुरी घेत होता, आणि तेल्याला कोणी वाशांचं विचारलंच नव्हतं.

विकण्याजोगा आता मागच उरला होता. बापाच्या हातचा तो माग सावकाराच्या गाडीवर चढला, तेव्हा म्हादबा तोंड फिरवून उभा राहिला. त्या पैशांतून नवे वासे आले, छप्पर होईपर्यंत दोघं अंगणात झोपली आणि मग घरात राहायला गेली. पण रोज सकाळी म्हादबा सावकाराच्या पडवीत, पूर्वी स्वतःच्याच असलेल्या मागावर, रोजंदारीने विणायला जाऊ लागला. दुसरा माग घ्यायला त्याचे केस पांढरे व्हावे लागले.

पुढे कोणी आनंदाने सांगायला आलं, “म्हादबा, घर ठरलं, किंमतही जमली,” की म्हातारा हातातला मागाचा धोटा थांबवून वैतागून म्हणे, “किंमत जमली ना? मग आता परत जा आणि बाकीचं विचारून ये. पेढे नंतर!”

तात्पर्य: घर घेताना नुसती किंमत जमवून भागत नाही, त्यात राहायला जाईपर्यंत वर जे लागणार, ते आधी विचारून बाजूला काढावं आणि मगच शब्द द्यावा.